कर्जाची कलमे आणि भातसेचे पाणी



आंतरराष्ट्रीय कर्जांच्या अटी आणि गरीब देशांचे अर्थकारण हा विषय ऐकला की वॉशिंग्टन, लंडन अशी नावे डोळ्यांपुढे येतात. मी तेथे गेलेलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा हा विषय मी तानसा, भातसा आणि काळू ह्या नद्यांच्या काठावरूनच मांडणार आहे. तो येथून जितका स्पष्ट दिसतो तितका फारच थोड्या ठिकाणांहून दिसत असेल, असे मला वाटते.

ठाणे जिल्ह्यात कर्ज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९३८ च्या सुमारास मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून आदिवासी मुलखाची पाहणी करविली. तिच्या अहवालात लग्नगड्यांची नोंद आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे रुपये घ्यायचे, आणि फेड होईपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या घरी व शेतावर राबायचे, अशी ती पद्धत. व्याज किती, असे लग्नगड्याने विचारण्यात अर्थ नव्हता. मजुरी सावकाराच्या वहीत जमा, बाकीही त्याच वहीत, आणि वही वाचणारा एकटा सावकार. फेड कधी होतच नसे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले. त्या वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी दोन्ही झुगारून दिल्या. तो लढा व्याजाच्या दरावर नव्हता. कर्जाला जोडलेल्या अटीवर होता. आजही आमच्याकडचा कातकरी वीटभट्टीवर जातो तो उचल घेऊन जातो. त्या उचलीवर व्याज नसते, तरी ती फिटेपर्यंत त्याला भट्टी सोडता येत नाही. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, म्हणून मालक आता तोंडाने ‘अट’ म्हणत नाही इतकेच.

कामगार चळवळीत तीस वर्षे करारनामे वाचताना मला एक सवय लागली. आकडा शेवटी वाचायचा, कलमे आधी. पगारवाढ किती हे सभेत सगळे विचारतात. पण ‘उत्पादनाच्या बदल्यात’ ह्या शब्दांपुढे काय लिहिले आहे हे वाचले म्हणजे वाढ कोणाच्या पाठीवरून निघणार ते कळते. देशांच्या कर्जाचे कागद मी ह्याच सवयीने वाचत आलो.

परक्या पैशाने आमच्या तालुक्यात पहिले पाऊल टाकले ते रेल्वेच्या रुळांवरून. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला १७ ऑगस्ट १८४९ रोजी. भांडवल इंग्लंडातल्या भागधारकांचे. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांसाठी. आणि मुख्य कलम असे, की भागधारकांना दरसाल पाच टक्के मिळालेच पाहिजेत. रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची. १८५३ साली गाडी ठाण्यास आली, १८५५ साली वाशिंदला, १८६१ साली कसाऱ्याला, आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. आसनगाव, आटगाव, खर्डी ही आज आपल्या तोंडी बसलेली स्टेशने त्याच वाटेवरची.

हमीचा परिणाम काय झाला? जपून खर्च करण्याचे कारणच उरले नाही. विल्यम मॅसी हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे अर्थसदस्य होते, म्हणजे सरकारचेच गृहस्थ. त्यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले, की एकदा हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, गुंतवणूकदाराला त्याचे काहीच नव्हते. रेल्वे वाईट होती असे मी म्हणत नाही. कसारा लोकल नसती तर येथल्या निम्म्या घरांची चूल पेटली नसती. पण शेतसारा भरणाऱ्या कुळाने ह्या करारावर सही केली नव्हती, आणि तूट भरली ती त्यानेच.

दुसरी गोष्ट विनिमयाची. हे व्याज इंग्लंडात पौंडात द्यावे लागे. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढे चांदी उतरत गेली आणि १८९२-९३ मध्ये रुपया सव्वा शिलिंगावर आला. एक पौंड चुकता करायला पूर्वी दहा-अकरा रुपये लागत, आता सोळा लागू लागले. कर्ज वाढले नव्हते, दर वाढला नव्हता, तरी बोजा दीडपट झाला. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि रमेशचंद्र दत्त ह्यांनी ज्या संपत्तीच्या ओहोटीबद्दल लिहिले तिच्यात ही एक धार होती. हा हिशेब ध्यानात ठेवावा अशी माझी विनंती आहे, कारण पुढे तो दोनदा परत येणार आहे.

त्याच १८९२ साली तानसा धरणाचे उद्घाटन झाले. मेजर टलक ह्यांनी वीस वर्षांपूर्वीच ह्या जागेकडे बोट दाखविले होते. काम १८८६ साली सुरू झाले. पावणेतीन किलोमीटरांहून लांब असा तो दगडी बांध त्या काळी जगात नावाजला गेला. मुंबईच्या म्युनिसिपालिटीने त्यासाठी कर्ज उभारले, आणि ते फेडण्यासाठी शहरातील घरमालकांकडून पाणीपट्टी घेतली. हे कर्ज रुपयांतले होते आणि देणारा-घेणारा दोघे एकाच सरकारखालचे होते, म्हणून त्यात विनिमयाची टांगती तलवार नव्हती. मात्र एक पायंडा येथे पडला तो पुढच्या सव्वाशे वर्षांत मोडला नाही. पाणी शहापूर तालुक्याचे, कर्ज शहराचे आणि फेडही शहराची; त्यामुळे पाण्यावरचा शब्दही शहराचा. सरोवराभोवतीचे जंगल पाणलोट म्हणून राखले गेले. जंगलातल्या ठाकरांची आणि कातकऱ्यांची वहिवाट त्या राखणीत कोठे बसत होती, हे पाणीपट्टीच्या हिशेबात येण्याचे कारणच नव्हते. पुढे धरणाची उंची वाढवीत नेली, आणि १९५७ साली वैतरणेवर दुसरे मोठे धरण झाले. अभियंते न. वि. मोडक ह्यांच्या नावाने आपण त्याला मोडकसागर म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर सावकाराचे रूप पालटले. जागतिक बँकेने हिंदुस्थानला पहिले कर्ज दिले १९४९ साली, रेल्वेसाठीच, तीन कोटी चाळीस लाख डॉलर. १९५८ साली परकी चलन संपत आले तेव्हा बँकेने देणाऱ्या राष्ट्रांचे एक मंडळ जमविले. कर्ज देणारे सगळे एका टेबलापाशी बसले की घेणाऱ्याची स्थिती काय होते, हे मालकांच्या संघाशी एकट्याने बोलणी केलेल्या कोणत्याही युनियनला सांगावे लागणार नाही.

१९६४-६५ मध्ये बँकेने बर्नार्ड बेल ह्यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठविले. शेतीकडे जास्त लक्ष द्या, आयातीवरचे निर्बंध सैल करा आणि रुपयाचा भाव उतरवा, असा त्यांचा सल्ला. त्यातच पाकिस्तानशी युद्ध झाले, मदत थांबली, लागोपाठ दोन वर्षे पाऊस गेला. अमेरिकेचा गहू अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या मर्जीने थोडाथोडा सुटत होता. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर नेण्यात आला. त्या एका रात्रीत परक्या कर्जाचा रुपयांतील आकडा साडेसत्तावन्न टक्क्यांनी फुगला. हाच तो १८९२ चा हिशेब. फरक इतकाच की तेव्हा चांदी उतरली होती आणि आता सही करून उतरविली होती. बदल्यात वर्षाला नव्वद कोटी डॉलरची मदत मिळेल असा भरवसा होता. ती पहिल्या वर्षी आली आणि नंतर आटत गेली. भाव उतरविणे मुळातच चूक होते की काय, ह्याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत आजही दोन पक्ष आहेत. मला खटकते ते वेगळेच. देशाच्या चलनाचा भाव ठरविण्याचा प्रश्न लोकसभेपुढे आला तो निर्णय झाल्यावर.

आता भातसेकडे वळतो, कारण ही सगळी प्रस्तावना तिच्यासाठीच होती.

भातसा धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याने शहापूर तालुक्यात बांधले. मुळात त्याचे हेतू दोन: मुंबईला पाणी, आणि शहापूर, भिवंडी, कल्याण ह्या भागातील शेतीला पाणी. मुंबईला पाणी नेण्याची यंत्रणा उभारण्यास मात्र फार पैसा हवा होता. नदीत सोडलेले पाणी पिसे येथे अडवून उचलायचे, पांजरापूर आणि भांडुपच्या केंद्रांत गाळायचे, बोगद्यांतून आणि प्रचंड नळांतून शहरात न्यायचे, आणि वापरलेले पाणी वाहून नेण्यासाठी गटारांचे जाळे सुधारायचे. त्यासाठी १९७३ साली जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाकडून साडेपाच कोटी डॉलर मिळाले. सत्तरीच्या अखेरीस दुसऱ्या टप्प्याचे आणि ऐंशीच्या दशकात तिसऱ्या टप्प्याचे कर्ज आले.

आकडा शेवटी वाचायचा म्हटले, पण येथे आकडा इतका गोड आहे की आधी सांगतो. ह्या विकास संघाच्या कर्जाला व्याज नव्हते. शेकडा पाऊण टक्का सेवाशुल्क, पन्नास वर्षांची मुदत, पहिली दहा वर्षे मुद्दल मागायचेच नाही. गावातली पतपेढीसुद्धा असे कर्ज देणार नाही. मग तक्रार कशाची?

कलमांकडे या. परके कर्ज मुंबईत उतरत नाही. ते दिल्लीत उतरते. केंद्र सरकार तेव्हा ते राज्याला आपल्या नेहमीच्या दराने देई, राज्य पुढे महापालिकेला देई. पाऊण टक्क्याचा गोडवा दिल्लीतच राही. ह्याचा उलटा भागही सांगितला पाहिजे, की अशा कर्जात डॉलर महागल्याचा तोटा केंद्रच सोशीत असे. १९७३ साली डॉलर पावणेआठ रुपयांच्या आसपास होता. पन्नास वर्षांची मुदत भरली २०२३ साली, तेव्हा तो ब्याऐंशीच्या घरात होता. हा फरक भरला देशातल्या कर देणाऱ्याने, म्हणजे काडेपेटीवर कर भरणाऱ्या आमच्या म्हातारीनेसुद्धा.

ह्यानंतर महापालिकेवरच्या अटी. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ह्यांचा कारभार वेगळा काढावा. त्याचे हिशेब धंद्याच्या पद्धतीने स्वतंत्र ठेवावेत. पाणी मीटरने मोजून द्यावे. दर असे ठेवावेत की चालू खर्च आणि कर्जाचा हप्ता भागून पुढच्या कामासाठीही काही उरावे. मोठ्या खरेदीला जगभरातून निविदा मागवाव्यात. ह्यासाठी १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात दुरुस्ती होऊन पाणी आणि मलनिस्सारणाचा निराळा निधी झाला. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘ग’ म्हणून जो भाग आजही असतो तो हाच.

ह्या अटी वाईट होत्या असे मी म्हणणार नाही, आणि माझ्या काही मित्रांना ते आवडणार नाही. मुंबईच्या चाळीत आणि झोपडीत राहणारा माझा कामगार गाळलेले पाणी पिऊ लागला हे खरे आहे. पाण्याचा पैसा पाण्यावरच खर्च व्हावा ही शिस्त देशातल्या कित्येक नगरपालिकांना आजपर्यंत लागलेली नाही. पटकीने माणसे मरत होती त्या शहरात हे काम झाले. जो संघटनेचा माणूस हे नाकारील त्याने आधी डोंगरीच्या नाहीतर परळच्या जुन्या चाळीत विचारून यावे.

पण हीच शिस्त धरणाच्या बाजूने पाहा. कर्ज देणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, फेडणार कोण? उत्तर, महापालिका. दुसरा प्रश्न, कशातून? उत्तर, मीटरमधून. म्हणून नळ तेथे जातो जेथे मीटर आहे. शहापूरच्या पाड्यावर मीटर नव्हते, आणि बसविले असते तरी त्यातून हप्ता निघाला नसता. त्यामुळे पाडा त्या हिशेबात ग्राहक म्हणून आला नाही. आणि जो ग्राहक नाही त्याला त्या कागदात दुसरी कोणतीही जागा नव्हती. नदीचा मूळ रहिवासी, धरणासाठी जमीन दिलेला शेतकरी, कालव्याची वाट पाहणारा शेतकरी, ह्यांच्यासाठी रकानाच नव्हता. कोणी दुष्टपणाने गाळले असे समजण्याचे कारण नाही. वही ज्या पद्धतीने आखली होती तीत ते मावत नव्हते.

विस्थापितांचेच पाहा. जागतिक बँकेने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासंबंधी स्वतःचे पहिले धोरण लेखी केले ते फेब्रुवारी १९८० मध्ये. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. भातसेची जमीन गेली ती ह्या दोहोंच्या आधी. शहरात मीटर बसविले की नाहीत, हे तपासायला तज्ज्ञ येत असत. उठलेल्या घरांना जमीन मिळाली की नाही, हे तपासण्याचे कलम तेव्हा कोणाच्याच कागदावर नव्हते. भातसेच्या धरणग्रस्तांची निवेदने, उपोषणे आणि मोर्चे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. नोकरी मागणाऱ्यांची आता तिसरी पिढी आहे.

कालव्यांचेही तेच. बँकेने कालवे बांधू नका असे कोठे म्हटले नव्हते, आणि ह्या बाबतीत सगळा दोष वॉशिंग्टनवर टाकणारे भाषण टाळ्या मिळवील पण खोटे होईल. कालवे हे राज्याचे काम होते. पण एकाच धरणाच्या दोन कामांपैकी एकाला मुदत, तपासणी, हप्ता आणि परका सावकार असा चौफेर रेटा होता. दुसऱ्याला फक्त शेतकऱ्याची मागणी होती. खात्याकडे पैसा तोकडा, इंजिनियर मोजके. अशा वेळी कोणते काम पुढे जाते हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. नळाचे टप्पे एकामागून एक पुरे झाले. कालव्यांची कामे दशकानुदशके रेंगाळली, आणि सिंचनाचे मूळ उद्दिष्ट कधी पुरे झालेच नाही. शहरासाठी राखलेला वाटा वाढत गेला. आज मुंबईच्या सात जलाशयांची मिळून साठवण चौदा लाख सत्तेचाळीस हजार दशलक्ष लिटर. त्यातले सात लाख सतरा हजार एकट्या भातसेचे, म्हणजे जवळजवळ निम्मे.

ह्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण वर्तमानपत्रांनी इतकी झिजविली आहे की तिच्यात आता ओलावाही उरला नाही. मला ती दुसऱ्या कारणानेही आवडत नाही. तिच्यामुळे हा दैवाचा खेळ आहे असे वाटते. वास्तविक प्रत्येक हंड्यामागे एक कलम आहे, आणि ते कोणत्या साली लिहिले गेले हे सांगता येते.

१९९१ ची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, म्हणून थोडक्यात. परकी गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण ठेवायला गेले. घरातले डाग सोनाराकडे नेताना बाईमाणसाला काय वाटते ते आपण जाणतो. त्या जुलैमध्ये ते सगळ्या देशाला वाटले. १ आणि ३ जुलैला रुपया पुन्हा उतरविला गेला. नाणेनिधीचे कर्ज आले, डिसेंबरमध्ये जागतिक बँकेचे पन्नास कोटी डॉलरचे रचना-बदलाचे कर्ज आले. आणि १९९२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला. आयात खुली झाल्यावर आणि सरकारी कारखाने आटोपते घेतल्यावर जे कामगार रिकामे होतील त्यांना नवे काम शिकवून उभे करावे, असा त्याचा उद्देश सांगितला होता. प्रत्यक्षात बहुतेक रक्कम स्वेच्छानिवृत्तीची देणी देण्यात गेली. मी त्या वेळी एका खाजगी कारखान्यात हेल्पर होतो. तेथे कोणताच निधी आला नाही, पण ‘स्वेच्छा’ हा शब्द मात्र आला. ज्यांनी सही केली त्यांतले किती जण रिक्षा चालवू लागले आणि किती जण गावी परतून भाताच्या खाचरात उतरले, ह्याची यादी मी काही वर्षे ठेवीत होतो. नाणेनिधीचे देणे २००० सालापर्यंत फिटले.

येथे एक उदाहरण उलट बाजूचे आहे आणि ते सोडणे अप्रामाणिकपणा ठरेल. १९९३ साली गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पाला कर्ज द्यायला जागतिक बँकेने नकार दिला. ही वीज महाग पडेल, तुम्हाला परवडणार नाही, असे तिचे मत होते. आमच्या राज्याने ते ऐकले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनच्या कंपनीशी करार झाला. १९९२ सालापासून खाजगी वीज कंपन्यांना भागभांडवलावर सोळा टक्के परताव्याचे आश्वासन देण्याचे देशाचे धोरणच होते. १८४९ ला पाच टक्क्यांची हमी, १९९२ ला सोळा टक्क्यांची. मधल्या काळात दादाभाई आणि रानडे होऊन गेले होते. २००१ साली तो कारखाना बंद पडला, बोजा राहिला वीज मंडळावर. सावकार सावध करतो आणि कर्जदारच ऐकत नाही, असेही घडते.

पुढच्या काळात अटींनी घर बदलले. २००५ साली केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाची नागरी योजना काढली. पैसा दिल्लीचा, पण शर्तींची भाषा जुन्या ओळखीची: सेवेचा खर्च वापरणाऱ्याकडून वसूल करा, अमुक कायदे बदला. महाराष्ट्राने २००७ साली नागरी कमाल जमीन धारणेचा कायदा रद्द केला तो ह्याच योजनेच्या शर्तीपोटी. मध्य वैतरणेचे धरण ह्या योजनेच्या मदतीने झाले आणि २०१४ साली पुरे झाले. तेही आमच्याच डोंगरात. दिल्लीने सावकारी शिकून घेतली असे म्हटले तर कोणी रागावू नये.

खेड्यांसाठीही बँकेचे पैसे आले. २००३ साली ग्रामीण महाराष्ट्रासाठी जलस्वराज्य प्रकल्प सुरू झाला. योजना गावाने मागावी, गावाने चालवावी, आणि सर्वसाधारण गावाने भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून द्यावा, अशी त्याची रचना. ज्या गावांत रोख पैसा आणि दोन शिकलेली माणसे होती त्यांनी ह्यातून चांगल्या योजना करून घेतल्या. पण जो पाडा दिवाळीनंतर कुलूप लावून भट्टीवर जातो त्याने वर्गणी कधी गोळा करायची आणि ग्रामसभा कोणाची भरवायची? वर्गणीची अट बरोबर की चूक ह्यावर वाद होऊ शकेल. ती अट ज्याने घातली त्याने स्थलांतर करणारा पाडा पाहिला नसावा, एवढे मी निश्चित म्हणेन.

मुंबईत २००६ साली अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व विभागात पाणीवाटपाची नवी पद्धत सुचविण्यासाठी बँकेच्या वतीने परदेशी सल्लागार नेमले गेले. वाटप खाजगी कंपनीकडे जाईल, अशी शंका नागरिकांना आणि पालिकेच्या कामगारांना आली. त्यांनी एकत्र येऊन सल्लागारांचे हिशेबच तपासायला घेतले. भर सभेत आकड्यांवर प्रश्न विचारले. पुढे तो बेत बारगळला. घोषणांपेक्षा कागद वाचण्याने जिंकलेली ही थोडक्या लढायांतली एक, म्हणून मी तिचा उल्लेख प्रत्येक अभ्यासवर्गात करतो. शहरवासीयांना हे करता आले ह्याचे कारण ते ग्राहक होते. त्यांना विचारणे भाग होते.

आमच्याकडे ते कारण कधीच नव्हते. मुरबाड तालुक्यात बारवीचे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. काळू नदीवरचे धरण ठरले तेव्हा पैसा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने द्यायचा होता. वनखात्याची परवानगी आणि ग्रामसभांची संमती मागे राहून काम आधी सुरू झाले. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबविले, कारण येथल्या लोकांनी आणि त्यांच्या संघटनांनी न्यायालयापुढे कागद ठेवले. त्या धरणाची चर्चा पुन्हा पुन्हा उठते. ज्या दिवशी नवा पैसेवाला करार घेऊन मुरबाडला येईल त्या दिवशी ग्रामसभेने त्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. भरलेल्या धरणातून पहिला वाटा कोणाचा? उठणाऱ्या घरांना जमीन पाणी अडविण्याआधी मिळणार की नंतर? आणि कालव्याचे काम मागे पडले तर नळाचे काम थांबेल काय? ही तिन्ही कलमे भातसेच्या कागदात असती तर त्यांचा खर्च एकूण रकमेच्या मानाने काहीच नव्हता.

शहापूरसाठी सध्या जी मोठी योजना मंजूर झाली आहे ती नाशिक जिल्ह्यातील भावली धरणावरून आहे. पाणी इगतपुरी तालुक्यातून घाट उतरून आपल्या गावापाड्यांत यायचे आहे. तानसा, भातसा आणि मोडकसागर उशाशी असलेल्या तालुक्याला पिण्याचे पाणी शेजारच्या जिल्ह्यातून.